शेवंतीचा उसना विस्तव

पौषातला गारठा असा, की गिरणीच्या धुराड्यातून निघालेला धूर वर जायलाच तयार नव्हता; लालबागच्या चाळींच्या कौलांवर गोधडीसारखा पसरून पडला होता. नळाला पाणी आलं होतं. हंडे एकमेकांवर आपटत होते, कुणाचं जातं घरघरत होतं, आणि त्या गलबल्यात शेवंती पदर डोक्यावरून घट्ट ओढून, हातात फुटक्या घागरीचं खापर घेऊन सखुबाईच्या दाराशी उभी होती. रोजच्यासारखी.

"सखूबाय, वायच इस्तव दी गे."

"आली बया!" सखुबाई चुलीपुढून न उठताच म्हणाली. ती साताऱ्याकडची, आवाज खणखणीत. "उजाडलं न्हाई तोवर हिचं खापर दारात. अगं भवाने, रातच्याला दोन निखारे राखंत पुरून ठेवावं, एवढं शेंबड्या पोरीलाबी कळतं."

"कळता माका. पण तुझो इस्तव कसो फडफडता. तुझ्या जिभेसारखो."

"जीभ काढती व्हय माझी!" म्हणत सखुबाईनं चांगले फुललेले निखारे चिमट्यानं निवडून खापरात टाकले. वर एक गोवरीचा तुकडा ठेवला, म्हणजे जाता जाता विझायला नको.

शेवंती निखारे का राखत नाही, हे सखुबाईला ठाऊक होतं. सगळ्या चाळीला ठाऊक होतं. शेवंतीचा नवरा लवू गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. दिवसभर ती पांढरी धूळ नाकातोंडात जायची आणि रात्री छातीतून बाहेर पडायला धडपडायची. खोलीला खिडकी नव्हती. राखेत पुरलेल्या निखाऱ्याचा सुतासारखा बारीक धूर आला तरी लवू उठून बसायचा आणि पहाटेपर्यंत खोकायचा. म्हणून जेवणं झाली की शेवंती चुलीतला कण न् कण विस्तव बाहेर नेऊन विझवायची, आणि सकाळी मागायला निघायची.

पण एकदा मागायची सवय लागली की माणूस विस्तवावर थांबत नाही. मालवणच्या बाजूहून आलेल्या या बाईला चाळीत कुणाचं दार परकं वाटेनासं झालं. मीठ, चिंच, सूप, चाळण, तिरफळं, बाळंतिणीची शेगडी. जे लागेल ते ती मागायची. सूत गुंडाळायच्या खात्यातून सुटून घरी येईपर्यंत तिच्या ओच्यात कुणाचं ना कुणाचं काहीतरी असायचंच. 'खापरवाली' म्हणत तिला. ती हसायची. मापटंभर तांदूळ नेले तर फेडताना शीग लावून आणायची, आणि रिकामं भांडं कुणाच्या दारात कधी ठेवलं नाही तिनं. काही नसलं तर आत आंब्याचं पान तरी असायचं.

आज मात्र तिनं आणि लवूनं गिरणीला खाडा केला होता. आज चिंबोरबेटाची माणसं यायची होती.

चिंबोरबेट म्हणजे बंदरापलीकडचं एक एवढंसं बेट. भाऊच्या धक्क्यावरून भरतीला पडाव सुटला की पोचायला दुपार. मूठभर घरं, सगळी कोळ्यांची. भाताची खाचरं भरतीच्या पाण्याहून सखल, म्हणून भोवतीनं मातीचा बांध. ज्याचं घर त्याच्या वाट्याला खाचर, आणि खाचराबरोबर बांधाचा एक तुकडा. तो त्यानंच सांभाळायचा. त्यातलं एक घर रिकामं पडलं होतं. बाजारात सुकट विकणाऱ्या कोळणीकडून शेवंतीनं ही खबर उचलली आणि लवूला ओढत बेटावर नेलं. पाटलानं घर दाखवलं, रात्री ओट्यावर झोपायला चटई दिली. त्या रात्री लवू पहाटेपर्यंत झोपला. शेवंती तेवढी जागी राहिली. खोकला ऐकू येईना म्हणून घाबरून त्याच्या नाकापुढं बोट धरून बसली होती.

सकाळी तिनं पाटलापुढं पदर पसरला. "आमका ह्यां घर देवा."

"जागा मी देत नाय," पाटील म्हणाला. "गाव देतं. आमची मानसं आधी तुमचे घरी येतील. बघतील, मंग बोलू."

म्हणजे मुलगी बघायला येतात, तसंच की! चाळीनं ते तसंच घेतलं. आणि मुलगी दाखवायची म्हटल्यावर जे होतं ते झालं. गुणाजी म्हणजे चाळीतला जुना जाणता, लवूच्याच गावचा. त्यानं कमरेवर हात ठेवून हुकूम सोडला.

"आज कोणी हिका खापरवाली म्हणूचा नाय. उसनाबिसना हो शब्दच काढूचो नाय. मागतकरणीक घर कोण देतलो? आणि शेवंत्या, तू आज उंबऱ्याभायर पाय टाकलंस तर माझ्याशी गाठ असा!"

त्यानं ते खापर उचललं आणि जात्यामागं दडवलं.

मग घर सजलं. सखुबाईचा पितळी तांब्या आला, शेजारच्या कुशाबाची घोंगडी आली, कुणाचं ताट, कुणाची समई, भिंतीपाशी कुणाचे चकचकीत हंडे. लवू कोपऱ्यात अंग चोरून बसला. "घर कुणाचा ताच समजत नाय," तो पुटपुटला. "मीच पावण्यासारखो दिसतंय."

दोघं आली ती ऊन वर आल्यावर. पुढं म्हातारी सोनूबाई. काटक, काळीभोर, डोक्यावर पाटी. मागं तिचा भाचा जयवंत, खांद्याला वल्हं नसल्यानं हात कुठं ठेवावेत न कळणारा. सोनूबाईनं पाटी खाली ठेवली. आत सुके बोंबील होते. घोंगडीवर बसली, तांब्यातलं पाणी प्यायली आणि चूल, छप्पर, माणसं असं सगळं एकदा नजरेखालून घातलं. शेवंतीनं भात रटरटत ठेवला होता. दारात चाळ गोळा झाली होती.

"येवरं पितल!" सोनूबाई म्हणाली. "आमचे पाटलाकडं पन नाय."

"जपून हं," सखुबाईच्या तोंडून गेलं, "त्या तांब्याची कड जरा—" गुणाजीनं कोपर मारलं तशी ती गप्प झाली.

सोनूबाईनं शेवंतीला काहीच विचारलं नाही. ती वळली दारातल्या बायकांकडं. "मना सांगा गो, ही बाय तुमचेकडं काय काय मागाला येते?"

झालं. सगळ्यांना वाटलं, नेमका हाच प्रश्न येणार होता आणि आपण तयारीत आहोत.

"ही? आन् मागायला?" सखुबाईनं कानाला हात लावला. "उंबरा वलांडत न्हाई कधी. आपुन भलं, आपलं घर भलं."

"मिठाचो खडो नाय," गुणाजी म्हणाला. "कोणाची पायरी चढाची नाय. लय मानी बाई."

"इतक्या वर्षांत मी हिचा आवाज ऐकला नाही," कुशाबानं भर घातली.

प्रत्येक वाक्यागणिक सोनूबाईचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल रे जयवंता. वारा हाय तवर निघू."

"काय चुकलं, आजी?" लवूनं विचारलं.

"तुमचा नाय रे बाला. बरी मानसं हाव तुम्ही." म्हातारी दाराशी थांबली. "त्या घरान आधी होता तो पन आसाच. मानी. कोनाकडं काय मागाचा नाय, कोनाला हाक माराचा नाय. तापानं पडला, तरी घरात गप. उधान आला त्या राती त्याचे वाट्याचा बांध झिरपाला लागला. बायकोनं बघितला. हाक मारली आसती तर आमी सगली धावलो नसतो? पन मागाची सवय नाय ना! शरम वाटली. ती येकटी माती टाकीत बसली. बांध फुटला, न् खारा पानी सगल्यांचे खाचरान. तीन पावसाले भात नाय झाला आमाना." तिनं पाटी उचलायला हात घातला. "बेटान दुकान नाय गो. जो मीठ मागत नाय, तो मदत पन मागत नाय."

दारातली चाळ एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. आपणच बोललो, आता आपणच खोटे कसे पडायचे?

तेवढ्यात लवूला उबळ आली. चुलीचा धूर आज दार अडवून उभ्या माणसांमुळं कोंडला होता. तो वाकला, लाल झाला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज निघू लागला. शेवंतीनं मागचापुढचा विचार केला नाही. भाताखालचं जळतं लाकूड ओढलं, निखारे तव्यावर काढले आणि गर्दीतून वाट काढत सगळं बाहेर नेऊन पाणी ओतलं. मग लवूच्या पाठीवरून हात फिरवत बसली. हळूहळू तो शांत झाला.

चूल थंड झाली होती. भात कच्चा होता. पाहुणे उपाशी निघाले होते.

शेवंती उठली. गुणाजी डोळे मोठे करत होता तिकडं तिनं पाहिलंच नाही. जात्यामागं हात घालून खापर काढलं आणि सखुबाईपुढं धरलं.

"सखूबाय, इस्तव दी गे."

सखुबाई गोंधळली. इतका वेळ अंगात भिनलेलं सोंग तिला पटकन उतरवता येईना. "कसला... कसला विस्तव? तू कुठं मागतीस कधी?"

"सकाळी दिलंस तसलोच!" शेवंती कडाडली. "आजी, ह्यो तांब्यो हिचो. घोंगडी कुशाबाची. समई, हंडे, ताटां, काय्येक आमचा नाय. माझी चूल रातची विझता, म्हणान रोज सकाळी मी हिच्या दारात खापर घेवन उभी रवतंय. माका मागल्याशिवाय दिस सरणा नाय. घर देवा नायतर नको देवा, पण ह्यांनी सांगितला ता खरा नाय."

मग सखुबाईचा बांध फुटला. "व्हय, खोटं बोललो आम्ही! ही भवानी चिंच नेती, चाळण नेती, परवा माझी लुगडं वाळत घालायची दोरी नेलीया. आन् मी तापानं निजले हुते तवा हिनंच माझी चूल पेटवली, माझ्याच काटक्यांनी, आन् माझं घर जेवू घातलं. हिच्याइतकी मागणारी बाई मुंबईत न्हाई!"

सोनूबाई पुन्हा घोंगडीवर बसली. डोळे बारीक करून शेवंतीकडं बघत म्हणाली, "हाक मारतेस काय?"

"हाक?"

"बांध फुटलाय आसा समज. मार."

शेवंतीनं पदर खोचला. ओसरीवर आली आणि मालवणच्या खाडीत पलीकडच्या होडीला घालतात तशी हाक घातली. "धावा गेऽऽऽ!"

कौलांवरची कबुतरं उडाली. चाळीची दारं फटाफट उघडली. एक जण अर्ध्या गालावर साबण घेऊन आला. एक बाई पिठाच्या हातांनी आली, दुसरी पाण्याची कळशी घेऊन, तिला वाटलं आग लागली. समोरच्या चाळीतला दगडू लंगोटावरच धावत आला आणि पाहुणे बघून खांबाआड गेला. "काय झालां? लवूक काय झालां?" एकच गिल्ला.

"काय नाय झाला," सोनूबाई म्हणाली, आणि तिचं बोळकं उघडलं ते मिटेना. जयवंतही पहिल्यांदाच हसला. "इतकी मानसं तर आमचे बेटान नाय. जयवंता, पाटलाला सांग, बाय हाक मारते."

"म्हणजे घर?" लवूनं घाबरत विचारलं.

"माघी पुनवेला या. तुजा बांध माज्या बांधाला लागून हाय. न् काड्यापेटी आनू नको हां पोरी," तिनं शेवंतीला बजावलं. "नवे घरची पयली चूल शेजारनीचे विस्तवानं पेटते. खापर घेवन माजे दारी याचा."

गुणाजी मान खाजवत होता. "मी आपला सांगितलंय... बऱ्यासाठीच," तो पुटपुटला.

"तू गप रे, मोठा पोरीचा बाप!" सखुबाई म्हणाली. तिनं खापर घेतलं, घरात गेली आणि निखारे घेऊन आली. ते देताना मात्र तिचा आवाज उतरला. "बेटावर जाशील तवा सकाळच्याला शिव्या कुणाला देऊ मी?"

"त्या सोनूबाईक सांगून ठेवतंय. ती माका देत रवात, तुझ्या नावान."

पाहुणे जेवून गेले. सोनूबाईनं बोंबलांची पाटी निम्मी रिकामी करून ठेवली. लवू दारात उन्हाला पाठ देऊन बसला. शेवंती ओट्यावर उकिडवी बसली, मूठभर राख आणि सखुबाईकडूनच आणलेली चिंच घेऊन तांब्या घासू लागली. मग हंडे, मग ताटं. एकेक लख्ख झालं की ती त्यात दोन बोंबील ठेवायची आणि पुढचं भांडं ओढायची.