काकांनी सिम्फनी कंडक्ट केली

मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात मी व्हियोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ. शेवटच्या रांगेत बसून, बेताचाच. त्या वर्षी आम्ही एका जर्मन संगीतकाराची पहिली सिम्फनी बसवत होतो. ती पुरी करायला त्या माणसाने वर्षानुवर्षं घालवली होती, आणि ती वाजवायला मी अख्खा हिवाळा बर्फातून ड्राइव्ह करत तालमीला गेले होते. त्यामुळे पुढे जे झालं त्याची मला अजून चीड येते.

आमच्या मराठी मंडळाचे एक माजी अध्यक्ष आहेत. गाड्यांच्या सुट्या भागांची कंपनी विकून रिटायर झालेले काका. त्यांनी ऑर्केस्ट्राला घसघशीत देणगी दिली, आणि तिच्या बदल्यात कमिटीने त्यांना सिम्फनीचा शेवटचा भाग कंडक्ट करू द्यायचं कबूल केलं. काकांना सा कुठला आणि रे कुठला हेही कळत नव्हतं. तालमीला ते एकदाच आले, तेही फोटोग्राफर घेऊन.

"अगं, सोपं असतं," ते मला म्हणाले. "मी घरी आरशासमोर प्रॅक्टिस करतो. शेवटी हे सगळं लीडरशिपच आहे."

त्या शेवटच्या भागात सुरुवातीलाच एक अवघड जागा आहे. सगळे व्हायोलिनवाले गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, अगदी हळू, चोरपावलांनी, आणि मग तो वेग वाढत वाढत जातो. हाताने दिशा दाखवणारा कच्चा असेल, तर तिथे पन्नास माणसं पन्नास वाटांनी जातात. तालमीत तसंच झालं. काकांनी घामाने थबथबलेलं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "यू गाइज नीड टू फोकस."

ते गेल्यावर पहिल्या व्हायोलिनवरच्या बाई उठल्या. सत्तरीच्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ. "कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं," त्यांनी सांगितलं. "काकांच्या हातातल्या काठीकडे जो बघेल तो बुडेल."

कार्यक्रमाला निम्मं सभागृह मंडळाने भरलं होतं. पैठण्या, परफ्यूम, मांडीवर आयपॅड घेतलेली मुलं. काका शेरवानी घालून स्टेजवर आले आणि एक सूर वाजायच्या आधीच लोक उभे राहिले. मग काकांनी काठी उचलली. आम्ही बाईंच्या मानेकडे बघून वाजवलं. त्या अवघड जागी काका डोळे मिटून काहीतरी ढवळत होते, आमटी ढवळतात तसं. पुढे हॉर्नची, म्हणजे त्या वेटोळ्या पितळी तुतारीची, डोंगरावरून आल्यासारखी हाक सुरू झाली, तेव्हा ते हॉर्नवाल्याऐवजी बासरीवाल्याला खूण करत होते. शेवटी आम्ही थांबलो आणि त्यांचा हात आणखी दोनदा फिरला.

टाळ्या थांबेनात. माझा नवरा शिट्ट्या वाजवत होता.

नंतर लॉबीत समोशांच्या टेबलापाशी काकांभोवती गर्दी जमली होती. "टेम्पो मी मुद्दाम जरा फास्ट ठेवला," ते सांगत होते. मला बघून त्यांनी हाक मारली, "काय गं, कसा वाटला तुझा कंडक्टर?"

"काका, खरं सांगू? तुमच्याकडे कुणी बघतच नव्हतं."

काका खूश होऊन हसले. "तेच तर! इतके तल्लीन झाले होते सगळे! हीच खरी लीडरशिप."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नवरा गाडीत म्हणाला, "असं तोंडावर बोलतात का यार?"

"बोलले, पण पोचलं का?" मी म्हटलं. समोसे मात्र छान होते, तो म्हणाला.

महिन्याभरात काका कमिटीवर आले. बाई ऑर्केस्ट्रा सोडून गेल्या. जाताना कुणाचा निरोपसुद्धा घेतला नाही. मी अजून जाते. व्हियोलाची शेवटची रांग स्टेजवर अशी कोपऱ्यात असते, की तिथून कंडक्टर अर्धाच दिसतो.