आमच्या गाण्यावर लोक हसले

कारंज्यात विजेची गिटार आम्हा तिघांखेरीज कोणाकडे नव्हती. तीही खरी आमची नव्हती. कापडवाल्या जैन घरातल्या आमच्या दोस्ताने अमरावतीहून ती जुनी, एका कडेला पिचलेली उचलून आणली आणि मग स्वतः ड्रमवर बसला, कारण त्याच्या जाड बोटांना तारा जमेनात. गिटार माझ्या गळ्यात आली. गाणारा तिसरा. तो कामरगावचा, शेतकऱ्याच्या घरचा, कारंज्यात खोली करून शिकायला राहिलेला. आम्ही स्वतःला बँड म्हणत होतो, त्यामुळे लोक लग्नाच्या तारखा विचारायला यायचे. नाही म्हटलं की रागवायचे.

सत्तरचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. रेडिओवर जी मराठी गाणी लागत, त्यांतलं एकही आमच्या बोलीत नसे. आमच्या गाणाऱ्याने एक केलं.

त्याची मोठी बहीण पहिल्या बाळंतपणात अडली. आई-बाप बैलगाडीत घालून तिला मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेत होते. हा दहा-अकरा वर्षांचा, तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसलेला. वाटेत ती गेली. हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. एका दुपारी कापडाच्या गोदामात, गठ्ठ्यांमध्ये बसून त्याने ते एकदम गायलाच सुरुवात केली.

‘गाडी काहून थांबली, बाबा,
ताई काहून बोलत नाई?’

मी तारा छेडत गेलो. दुसऱ्या कडव्यानंतर तो थांबला तेव्हा मीही थांबलो, ड्रमही थांबला, आणि त्या शांततेतून त्याचा आवाज पुन्हा एकटाच उठला. ती शांतता आम्ही तशीच ठेवली. गाण्यात तेवढीच जागा होती जिथे आम्हाला काही वाजवावंसं वाटलं नाही.

कापडवाल्याच्या मामाची मुंबईत एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत ओळख होती. आम्ही गेलो. काचेपलीकडे बसलेल्या साहेबांनी गाणं एका दमात घेतलं, मागच्या बाजूसाठी दुसरं एक साधं गाणं घेतलं. छोट्या तबकडीला तेवढं पुरे होतं. मग गाणारा आणि कापडवाला चहा प्यायला खाली गेले आणि साहेबांनी मला एकट्याला बोलावलं.

“चाल चांगली आहे हो,” ते म्हणाले. “पण ही भाषा? या भाषेत लोक फक्त हसतात. मी हे विनोदी म्हणून काढू शकतो. दोन-चार आवाज टाकू मधे. नाहीतर राहू द्या.”

मी विचारायला हवं होतं, कसले आवाज. खाली जाऊन गाणाऱ्याला सांगायला हवं होतं. मी एवढंच विचारलं, “वर आमचं नाव छापाल ना?”

“छापू की.”

मी हो म्हणालो. खाली आलो, बशीत चहा ओतून घेतला आणि म्हणालो, “साहेबाले आवडलं.”

तीन महिन्यांनी पार्सलने रेकॉर्ड आली. वेष्टनावर मोठ्या मिशांचा, तिरकी टोपी घातलेला खेडूत दात काढून हसत होता. आम्ही ती कापडवाल्याकडच्या ग्रामोफोनवर लावली. पहिल्या ओळीमागे माणसांचं हसणं घातलं होतं. आणि दुसऱ्या कडव्यानंतर, आम्ही जिथे थांबलो होतो तिथे, एक बैल लांबलचक हंबरला.

कापडवाल्याने सुई उचलली. गाणारा माझ्याकडे बघत होता.

“तुले मालूम होतं?”

“नाई बे,” मी म्हणालो. “मले कायले मालूम राहीन?”

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं, याची मला आजही चीड येते.

रेकॉर्ड चालली. मुंबई-पुण्याकडे चालली म्हणे, पण कारंज्यात तर डोक्यावर घेतली. बस स्टँडसमोरच्या हॉटेलात दिवसातून दहा वेळा लागे. आपल्या गावाची भाषा तबकडीतून ऐकू येते, याचाच लोकांना केवढा आनंद! बैल आला की टेबलं बडवायचे. दूरचे लोक आम्हाला हसत होते आणि आमचे लोक त्यांच्या सुरात सूर मिसळून हसत होते. मला रस्त्यात थांबवून पाठीवर थापा मारायचे. मी त्या घेत होतो.

गाणाऱ्याने घरी सांगितलं होतं की रेकॉर्ड निघालीच नाही. पण बाजाराच्या दिवशी त्याची आई कारंज्याला आली. मी हॉटेलात बसलो होतो. बाई पिशवी घेऊन पायरीशी उभी राहिली, आत यायला संकोचत. मी उठून बाहेर गेलो. तोवर गाणं अर्ध्यावर आलं होतं.

“हा माह्या पोराचा आवाज होय ना?”

“हो, काकू.”

आत बैल हंबरला. हशा उठला, कोणीतरी शिट्टी मारली.

“मंग लोकं काहून हासून राह्यले?”

मी म्हणालो, “गाण्यात बैल हंबरते ना, काकू, म्हणून.”

तिने जरा विचार केला. रागाने नाही, चुकीची दुरुस्ती करावी तशी म्हणाली, “नाई बापा. बैल तवा हंबरले नोते. मुक्यानं उभे होते दोघंही.”

आणि पिशवी सावरून कामरगावच्या गाडीकडे चालू लागली.

गाणारा त्यानंतर गायला नाही. कंपनीचं पत्र आलं, असंच आणखी एक पाठवा म्हणून. कापडवाल्याने ते वाचून माझ्यासमोर फाडलं आणि दुकानाच्या गादीवर जाऊन बसला. मी दुसऱ्याच एका नकलाकाराला धरून पुन्हा मुंबई गाठली. या वेळी आवाज कुठे टाकायचे, ते मीच सुचवले. ती रेकॉर्ड कोणी घेतली नाही.

गाणारा पुढे मास्तर झाला. एकदा सहज म्हणून त्याच्या शाळेवर गेलो. वर्गातलं एक पोरगं म्हणालं, “मले नाई येत, गुरुजी.” हा फळ्याकडून न वळता म्हणाला, “मला येत नाही, असं म्हण. तसं बोललं की लोक हसतात.”

सुट्टीत आम्ही झाडाखाली बसलो. कापडवाल्याने मुंबईची गोष्ट अंदाजाने ओळखली होती आणि याला सांगितलीही होती, हे मला त्या दिवशी कळलं. याने ती मानली नव्हती.

“मी त्याच्याशी भांडलो तुह्यासाठी,” तो म्हणाला. “तेव्हापासून बोलत नाई आमी.”

मी ‘बरं केलं’ म्हणालो.