आमचे आपत्कालीन काका

आपत्कालीन काका खुर्चीवर बसायच्या आधी तिला दोन्ही हातांनी गदगदा हलवून बघत. खुर्ची सरकारी असो की सासऱ्याची, सुटका नव्हती. एका लग्नात पंगतीला बसता बसता त्यांनी वधूपित्याला विचारलं, "मांडव पेटला तर बाहेर पडायचं कुठून?" वधूपिता आग्रहाची जिलबी घेऊन आला होता. तो तसाच मागे फिरला आणि पुन्हा आमच्या पंगतीकडे फिरकलाच नाही. आमची जिलबी गेली ती गेलीच.

त्या वर्षांत कापसानं सगळ्यांना पार झोपवलं होतं. आमच्या शेठची जिनिंगही बंद पडली. पण शेठ म्हणजे शेठ. त्यानं एक जुनी शिडीगाडी घेतली, म्हणजे ट्रकवर लांबलचक लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असा पाळणा, आणि रस्त्यावरच्या दिव्यांचं कंत्राट मिळवलं. धंदा असा फळला की विचारू नका. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी मोठा माणूस कापूसवाल्यांचे अश्रू पुसायला जिल्ह्यात यायचा, आणि तो यायच्या आत त्याच्या वाटेवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत असा वरून हुकूम सुटायचा. अश्रू अंधारात दिसत नसतील बहुतेक.

कंत्राटाच्या कागदावर एक सुरक्षा पर्यवेक्षक दाखवावा लागे. शेठनं यवतमाळातले एक रिटायर्ड हेडक्लार्क गाठले आणि त्यांची सही घेतली. सहीपुरताच माणूस पाहिजे होता, पण शेठचं नशीब फुटकं. काका दुसऱ्या दिवशी डबा, छत्री आणि जाडजूड माहितीपुस्तक घेऊन खरोखरच कामावर हजर झाले. त्यांच्या डब्यात एक जास्तीची पोळी असे, ती आपत्कालीन. छत्रीच्या दांड्याला सुतळी गुंडाळलेली, तीही आपत्कालीन. बारसं आम्हीच केलं.

रोज सकाळी कामाच्या आधी ते 'उतरवणी' घेत. मी पाळण्यात दहा फूट वर जायचं, ड्रायव्हर वसंतानं इंजिन बंद करायचं आणि गाडीखालची लाल मूठ फिरवून मला हळूहळू खाली आणायचं. मूठ सापडायला उशीर झाला की पुन्हा पहिल्यापासून. मारेगावच्या चौकात चहावाले आमच्याकडे पाहून फिदीफिदी हसत. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, मी वीस वर्षं झाले खांब चढून राह्यलो. मले कायले शिकवता?"

"अरे गजानन, वर कोणीही चढतं," काका म्हणाले. "धड खाली येण्याचा पगार मिळतो तुला."

स्वतः काका मात्र ट्रकच्या पायरीच्या वर कधी गेले नाहीत. उंचीनं त्यांना गरगरे. जमिनीवरून ते ओरडत, "पट्टा?" मी म्हणे, "आहे." "कडी?" "आहे." खालून निघताना पट्ट्याची कडी पाळण्याच्या कड्यालाच असायची, खोटं नाही. पण वर पोचलो की माझे हात माझं ऐकत नसत. वीस वर्षं खांबावर चढून आधी खांबाला पट्टा टाकलेले हात ते! मी कडी पाळण्याची सोडायचो आणि दिव्याच्या आडव्या दांड्याला लावायचो. गाडी जुनीपुराणी, तिचा काय भरवसा? खांब कसा, सिमेंटात रोवलेला. एवढी अक्कल मला होती आणि तिचा मला अभिमानही होता.

मग एका मोठ्या माणसाच्या दौऱ्याच्या आदल्या दुपारी, मी पंचवीस फुटांवर असताना इंजिन आपणहून बंद पडलं. वसंता इतका पक्का तयार झालेला की त्यानं वर पाहिलंही नाही, झटक्यात लाल मूठ फिरवली. पाळणा निघाला खाली. मी राहिलो वर, दांड्याला लटकलेला, कपडे वाळत घातल्यासारखा.

"वसंता, मूठ बंद!" काका ओरडले. मग मला, "गजानन, पाय हलव! सायकल चालवल्यासारखे हलव! नाहीतर मांड्यांत रक्त साकळेल!" मांड्यांतून आवळलेला पट्टा रुतत होता, डोळ्यांपुढे काजवे, घरी दीड वर्षाची पोरगी, आणि हा माणूस माझी कवायत घेत होता! खाली जमलेल्यांतला एक जण म्हणाला, "मंत्र्यासाठी कसरत बसवून राह्यले काय?" मी त्याला वरूनच आई-बापासकट आठवलं. पण पाय हलवत राहिलो.

काकांनी छत्री फेकली आणि इंजिनाशिवाय पाळणा वर चढवायचा गाडीचा हातपंप धरला. वसंता पाळणा वळवायची दांडी सांभाळत होता आणि साठीचे काका पंप मारत होते. एकेका दणक्याला पाळणा बोटभर वर यायचा. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला, चष्मा घसरून पडला, पण हात थांबला नाही. पाळणा माझ्या तळव्यांना लागला तेव्हा मी रडलो, लाज कसली सांगायला.

"आधी आत बस. मग कडी सोड. आणि पाळण्याला लाव," ते खालून म्हणाले. आवाज बसला होता.

संध्याकाळी शेठ आला. "कडी खांबाले काहून होती?" त्यानं मला विचारलं. खरं बोललो असतो तर माझी नोकरी त्याच क्षणी गेली असती. मी मान खाली घालून म्हटलं, "काकाईनंच सांगतलं होतं."

काकांनी तडकलेला चष्मा पुसला. म्हणाले, "चूक माझीच. रोज उतरवणी घेतली, पण वर गेल्यावर हा कडी कुठे लावतो ते एकदाही पाहिलं नाही." शेठला तेवढंच पाहिजे होतं. उतरवणीच्या डिझेलनं त्याचा जीव जात होता. दुसऱ्या दिवसापासून काका नाहीत. कागदावर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून त्यांचंच नाव राहिलं, ते काढायला शेठ काही वेडा नव्हता.

तीन वर्षांनी यवतमाळच्या स्टँडवर ते दिसले. मी पाया पडलो. खरं काय ते सांगायचं म्हणून तोंड उघडणार, तोच त्यांनी विचारलं, "गजानन, उजव्या मांडीत पट्टा रुतला होता तुझ्या. दुखते का रे अजून?"

"नाही काका," मी म्हटलं. तेवढ्यात त्यांची बस लागली आणि ते गेले. यंदा उन्हाळ्यात कायमचेच गेले.

आता राग येतो तो त्यांचाच. भर स्टँडवर त्यांनी एक शिवी हासडली असती तर मी दोन ऐकवून मोकळा झालो असतो. मांडी दुखते का म्हणे!