माझ्या नावावर गेलेली अकरा वर्षं

मी चौथीपर्यंत शिकलो, पण घरातला प्रत्येक कागद माझ्याच सहीने गेला. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सामान चढवण्याचं काम करून जवळच हाउन्सलोत घर घेतलं, तेही माझ्या सहीने. पोरं झाली तेव्हा सरकार मुलांसाठी दर आठवड्याला पैसे देतं असं कळलं. फॉर्मवर बायकोचं नाव लिहा, असं ऑफिसातली कारकून बाई म्हणाली. मी म्हटलं, घरात मी जिवंत असताना बायकोच्या नावावर सरकारी पैसे? माझंच नाव लिहिलं. बायको शेजारी पोराला मांडीवर घेऊन बसली होती.

मला पेन्शन लागून बरीच वर्षं झाली. आता तिची पाळी जवळ आली, म्हणून लेकीने कंप्युटरवर आईच्या पेन्शनचा अंदाज काढला.

"बाबा, आईचा वर्ष कमी आहे," ती म्हणाली. इथेच जन्मलेली, तिचं मराठी तसंच. "पुऱ्या पेन्शनला पस्तीस वर्षं भरलेली लागतात. आईची बावीसच."

"कमी कशी? विमानतळाच्या किचनमध्ये ट्रे भरून भरून हात गेले तिचे."

"त्याच्या आधी घरी होती ना, आम्ही लहान होतो तेव्हा. आणि तुमचं हिप मोडलं तेव्हा दोन वर्षं."

"मग विकत घे. सगळी. पैसे मी देतो."

लेक हसली नाही. मागची सहा वर्षंच भरता येतात, म्हणाली. म्हणजे माझा खुबा मोडला तेव्हाची दोन मिळतील. पोरांची अकरा नाही मिळणार. मग तिने आणखी वाचलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"काय झालं?"

"मुलांचे पैसे ज्याच्या नावावर असतात ना बाबा, त्यालाच ती वर्षं धरतात. ती तुमच्याकडे गेली. तुम्ही तर कामावरच होतात, तुमची वर्षं तशीही भरत होती. तुम्हाला त्याचा उपयोगच नव्हता."

बायको ओट्याशी कणीक मळत होती. तिचा हात थांबला नाही.

"तुला माहीत होतं का गं?" मी विचारलं.

"अहो, मला कुठून माहीत असणार? कागद तुम्ही बघायचे."

दोन वर्षांचे पैसे भरले. काही आठवड्यांनी अंदाज थोडा वर सरकला. ती वर्षं विकत मिळाली, हे सोपं होतं. बाकीच्या अकरांसाठी फॉर्म होता. पोरं तिने सांभाळली, मला ती वर्षं नकोत, तिला द्या, असं मी सही करून सांगायचं.

लेक टाइप करते म्हणाली. मी म्हटलं, नाही, मीच लिहिणार. माझं इंग्रजी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण एकेक अक्षर जुळवून लिहिलं. अख्खी दुपार गेली. त्या अकरा वर्षांत मी एकदाही पोराला डॉक्टरकडे नेलं नव्हतं, हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

बायकोने चष्मा लावून फॉर्मवरचं स्वतःचं नाव वाचलं. दोनदा.

"मंजूर झालं तर पैसे माझ्या खात्यात यायला हवेत," ती म्हणाली. "माझ्या एकटीच्या."

"तुझं खातं कुठाय?"

"उद्या उघडायचं. तुम्ही फक्त बसस्टॉपपर्यंत या. आत बँकेत मी जाईन."

फॉर्मचं उत्तर अजून आलेलं नाही. खातं उघडलं. मी बाहेर बसस्टॉपच्या बाकावर बसलो होतो.