साडेसहाची रायफल आणि चंदनाची उदबत्ती

आमच्या घरात केक आणला तरी नवरा आधी त्यात अंडं आहे का ते वाचतो. अशा घरातल्या बाईला रानडुकरासाठी कुठली रायफल घ्यावी असं कुणी विचारलं, तर विचारणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असंच कुणीही म्हणेल. पण विचारणाऱ्या आमच्या शेजारीणबाई होत्या आणि त्यांचं डोकं आमच्या दोघांपेक्षा ठिकाणावर होतं.

गेल्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही नेदरलँड्समध्ये, आर्नहेमच्या उत्तर टोकाला राहायचो. आमची घरांची रांग संपली की जंगल सुरू. मी विजेच्या तारांची गणितं करणाऱ्या एका कंपनीत होते, नवरा घरी बसून कुणाची तरी सॉफ्टवेअरं दुरुस्त करायचा. बाईंनी साठी ओलांडली होती. त्यांचा नवरा आदल्या हिवाळ्यात गेला. तो एका शिकारी गटात होता आणि जंगलात एका मोकळ्या जागेच्या कडेला त्याचं ठरलेलं मचाण होतं. बाईंनीही त्याच्याबरोबरच शिकारीची परीक्षा दिली होती, परवाना होता, पण इतकी वर्षं त्या मचाणावर कॉफीचा थर्मास धरून बसल्या. आता गटाच्या म्होरक्यानं त्यांना सांगितलं होतं की शिकार करणाऱ्यालाच मचाण मिळतं. या हंगामात स्वतः एक डुक्कर मारलं तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"मला तिथेच बसायचंय," कुंपणापलीकडून बाई म्हणाल्या. "तो बसायचा तिथे."

अडचण होती ती त्यांच्या नवऱ्याच्या रायफलीची. ती नऊ पूर्णांक तीन मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याएवढ्या जाड काडतुसाची. मैदानावर सरावाला गेल्या तेव्हा पहिल्याच बाराला तिनं बाईंच्या खांद्याला असा दणका दिला की तो निळाजांभळा झाला. त्यानंतर चाप ओढायच्या आधीच त्यांचे डोळे मिटायला लागले. गटातले पुरुष एकमुखानं म्हणत होते, मोठ्या जनावराला मोठीच गोळी लागते, सवय होईल. आमच्याकडे मिक्सर घेताना सगळे काका लोक जास्त वॉटचाच घे म्हणतात, तसंच हे. चटणी कुणाला वाटायची आहे ते कुणी विचारत नाही. बाईंनी मग आकडेमोड करणारी म्हणून मला विचारलं.

मला राग आला आणि राग आला की मी एक्सेल उघडते. गोळीचं वजन, वेग, शंभर मीटरवर उरणारा जोर, खांद्याला बसणारा धक्का, काडतुसं सहज मिळतात का, जुन्या रायफली बाजारात किती येतात, असे रकाने पाडले. त्या शनिवारी घरात खिचडीवर भागलं. नवरा मागून डोकावून म्हणाला की लग्न ठरवताना तू माझी एवढी चौकशी केली नव्हतीस. मी म्हटलं, ते दिसतंच आहे.

उत्तर निघालं साडेसहा मिलिमीटरचं. मूळचं स्वीडनचं जुनं कॅलिबर, तिकडे लोक त्यावर घोड्याएवढी हरणं मारतात. धक्का सोसवेल असा. इथल्या कायद्यानं मोठ्या जनावरासाठी जो व्यास आणि जो जोर लागतो, त्यात योग्य काडतूस घेतलं की बसणारं. शिवाय हौशी लोक दर दोन वर्षांनी नवं कॅलिबर घेतात, त्यामुळे उत्तम अवस्थेतल्या जुन्या रायफली स्वस्तात मिळतात. बाईंना पेन्शनमध्ये बसेल अशीच हवी होती. मी त्यांना एवढंच सांगितलं, की डोळे मिटून मारलेली जाड गोळी झाडाला लागते आणि उघड्या डोळ्यांनी मारलेली बारीक गोळी डुकराला.

दुकानात आम्ही तिघं गेलो. नवरा फक्त गाडी चालवायला आला होता, पण दुकानदारानं सगळी माहिती त्यालाच दिली. परवाना बाईंचा, आकडेमोड माझी, आणि मान हलवत होता वरण-भात खाणारा हा गृहस्थ. बाई आणि मी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिलो, बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं. शेवटी नवऱ्यानं गंभीरपणे रायफलीच्या दस्त्यावर टिचकी मारली आणि लक्ष्मी रोडवरच्या सुरात विचारलं, "यात काही कमी होईल का?" मी छताकडे पाहू लागले. मग दुकानदारानं चामड्याचा एक पट्टा फुकट दिला. त्या पट्ट्याची गोष्ट नवरा अजून येईल त्याला सांगतो.

त्यांच्या नवऱ्याची रायफल देऊन ही घ्यायची होती. बाईंनी ती काउंटरवर ठेवली, दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि बाथरूम कुठे आहे म्हणून विचारलं. बराच वेळ आल्या नाहीत. आमची चेष्टा तेवढ्यापुरती थांबली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं.

परवान्याचे सोपस्कार उरकून रायफल घरी आली तेव्हा दसरा तोंडावर होता. आम्ही लॅपटॉप आणि दोन्ही सायकली झेंडूची फुलं वाहून पुजतो, हे बाईंना दरवर्षी दिसायचं. या वेळी त्यांनी विचारलं की मूळची ही पूजा कशाची. शस्त्रांची, असं मी सांगताच त्या म्हणाल्या, मग माझ्याकडे या. आम्ही ताट घेऊन गेलो. त्यांनी रायफल रिकामी करून, आतला बोल्ट काढून टेबलावर ठेवली. मग जरा घुटमळल्या आणि आपल्या नवऱ्याची जंगलात न्यायची काठी आणली. हे शस्त्र नाही, चालेल का, म्हणाल्या. माझा नवरा म्हणाला, आम्ही की-बोर्डला कुंकू लावतो, काठीला का नाही. त्यानं हळद-कुंकू लावलं, फुलं वाहिली, आणि पुण्याहून आलेली चंदनाची उदबत्ती अख्खी मूठभर पेटवून रायफलीला इतकी मनापासून ओवाळली की धुरात रायफल दिसेना.

दोन दिवसांनी बाई पहिल्यांदा मचाणावर बसल्या. डुकराचं नाक कुत्र्यालाही लाजवेल असं. शिकारी लोक शिकारीच्या दिवशी सुगंधी साबणसुद्धा लावत नाहीत. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि बाईंना पूजेच्या नादात आठवलं नाही. डुकरांचा कळप आला, मोकळ्या जागेच्या अलीकडेच थबकला आणि वळून नाल्याच्या वाटेनं पसार झाला. म्होरक्या मचाणाखाली येऊन रायफल हुंगून म्हणाला की तू शिकारीला आलीस की देवळात. साडेसहाच्या गोळीवर तो आधीच हसत होता, आता अख्ख्या गटाला विषय मिळाला.

आम्ही दोघं तोंड लपवत बाईंकडे गेलो. नवऱ्यानं माफी मागितली. हंगाम संपत आला होता, आणि आमच्या भक्तीपायी त्यांची जागा जाणार असं मला खरोखर वाटलं. पण बाई स्वयंपाकघरात बसून कागदावर बाण काढत होत्या. सकाळी त्या जाऊन पावलांचे ठसे बघून आल्या होत्या. जिथे वास पोचला, बरोबर तिथेच सगळी डुकरं वळली होती. कुंपण घातल्यासारखी.

"उरल्यात का?" त्यांनी विचारलं.

मी घरातला उदबत्त्यांचा पुडा आणून दिला. त्यांनी रायफल बिनवासाच्या तेलानं आणि स्वतःला बिनवासाच्या साबणानं स्वच्छ केलं. मग वारा मचाणाकडून नाल्याकडे वाहत होता असा एक दिवस निवडला, नाल्याच्या तोंडाशी ओल्या वाळूचा डबा ठेवला, त्यात उदबत्त्या खोचल्या आणि वर जाऊन बसल्या. त्या दिवशी कळप नाल्याच्या वाटेवर आला, थबकला, आणि दुसरी वाट धरून सरळ बाईंच्या समोरच्या मोकळ्या जागेत शिरला. बाईंनी डोळे उघडे ठेवले. एकच बार.

म्होरक्यानं जागा त्यांच्या नावावर केली. साडेसहाबद्दल नंतर कुणी काही बोललं नाही. नाल्याशी सापडलेल्या वाळूच्या डब्याबद्दल त्यानं विचारलं, तर बाई म्हणाल्या, वाऱ्याची दिशा बघायला ठेवला होता. आम्हाला त्यांनी डुकराच्या मांसाऐवजी सफरचंदाचा केक पाठवला. त्यात अंडं होतं, आणि नवऱ्यानं न वाचता खाल्ला.

पुढच्या दसऱ्याला बाईंनीच आम्हाला बोलावलं. टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा अंथरला होता. त्यावर रायफल, शेजारी त्यांच्या नवऱ्याची काठी, आणि काठीला टेकवून चंदनाच्या उदबत्त्यांचा तो अर्धा पुडा. नवरा त्यातली एक पेटवायला काढू लागला तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला.

"ती नको," त्या म्हणाल्या. "तिला कुंकू लाव."