बांधावरची चिंच

इस्लामपूरजवळच्या आमच्या उसाच्या बांधावर एक मोठी चिंच होती. बांधापलीकडचं रान धाकट्या चुलत्याचं. नव्वद सालानंतर तो पलटणीतून पेन्शनीवर आला आणि वडिलांना म्हणाला, "आवं दादा, दोघांच्याबी उसावर सावली पडतीया. झाड मुळासकट काढू. लाकूड सगळं तुमीच न्या."

वडील घरी येऊन तडकले, "फुकट लाकूड देतोय! झाड गेलं की ह्यो मोकळा, बांध कोरायला!"

मलाही पटलं. फुकट देणाऱ्या भावकीवर विश्वास ठेवायला आम्ही काय खुळे होतो? आम्ही फक्त आमच्या बाजूच्या फांद्या छाटल्या.

पुढच्या वळवात, एकीकडेच भार उरलेली ती चिंच चुलत्याच्या उसात आडवी झाली. आमच्या बाजूची मुळं मातीसकट उपटून वर आली आणि त्यांच्याबरोबर हद्दीचा जुना दगडही. तो होता बांधाच्या चार हात अलीकडे, आमच्या सरीत. म्हणजे चुलत्याची चार हात जमीन आम्हीच कसत होतो.

चुलत्यानं वाकून दगडावरची माती हातानं पुसली. वडील माझ्या कानाशी पुटपुटले, "त्यानंच पुरला असंल."

दगडाला मनगटाएवढ्या मुळांचा विळखा होता. तरी मी मान डोलावली.