दात सोडा, शेळकेबाई

एस्तेरताई भिंगारदिवे पेशंटला 'बसा' म्हणत नसत. त्यांच्या खोलीत बसायला तीन जागा होत्या. एक हातांची प्लास्टिकची खुर्ची, एक लाकडी स्टूल आणि भिंतीला टेकवलेला पाट. आपण आत जायचं, आणि त्या टेबलाशी काहीतरी लिहीत असल्यासारखं दाखवत आपण काय निवडतो नि कसे टेकतो ते बघत राहायच्या. मी खुर्ची निवडली आणि तिच्या कडेवर एका अंगानं टेकले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अर्धं तिकीट काढलंय का? पूर्ण बसा." मला हसू आलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आता दात सोडा." तोवर मला पत्ताच नव्हता की मी दातावर दात दाबून बसले आहे.

माझं दुखणं लघवीच्या पिशवीचं होतं. एवढं साधं वाक्य लिहितानाही अजून हात अडखळतो, म्हणून ते आधीच लिहून टाकलं. ओटीपोटात सतत आग, पिशवी जरा भरली की कळ, आणि दर वीस मिनिटांनी उठणं. लघवी तपासली की दर वेळी स्वच्छ. तरी गोळ्यांचे कोर्स झाले, नगरच्या सर्जननं दुर्बीण घालून आत पाहिलं, वाईट काही नाही म्हणून सांगितलं. पाच वर्षांनी एका लघवीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एस्तेरताईंचं नाव लिहिलं. औषध चालू ठेवा, पण इथे जाच, म्हणाले. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि मान, एवढीच माझी समजूत. आमच्या घोडेगावहून नगरच्या एसटीत बसताना वाटत होतं, डॉक्टरांनी चुकीची चिठ्ठी दिली.

एस्तेरताई साठीच्या पुढच्या, बुटक्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. नगरच्या सावेडीतल्या एका गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत त्या पेशंट बघायच्या. पहिल्या दिवशी माझी सगळी हकिकत ऐकताना त्यांनी मला डावी मूठ आवळून धरायला लावली. सुटली की टोकायच्या. दहा-बारा मिनिटांनी म्हणाल्या, "उघडा आता, आणि ही पेन्सिल उचला." बोटं आखडली होती, पेन्सिल निसटली.

"ही दहा मिनिटांची मूठ," त्या म्हणाल्या. "खाली ओटीपोटाच्या तळाला असेच स्नायू असतात. तुमचे किती वर्षांपासून आवळलेत ते तुम्हालाच माहीत. दुखणं खोटं नाही तुमचं. पण उघडायला वेळ लागेल, आणि काम तुम्हालाच करावं लागेल. आहे तयारी?"

मी मोबाईलवर बघून वर्षभर रोज शंभर वेळा खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करत होते, हे सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. तो व्यायाम सैल पडलेल्यांचा, म्हणाल्या. तुम्ही आवळलेल्या मुठीवर दोरी बांधत होतात. तो बंद झाला. त्याऐवजी पोटावर हात ठेवून श्वास, पोट फुगेल आणि खालपर्यंत सगळं सैल पडेल असा. पाटावर टाच टेकवून उकिडवं बसणं. मांड्यांच्या आतल्या बाजूला, पोटावर त्या बोटांनी दाबून दाबून गाठी शोधायच्या, आणि सापडली की तिथेच थांबायच्या, ती विरघळेपर्यंत. काही काम आतून करावं लागतं. हातमोजा घालण्याआधी त्यांनी तीन वेळा विचारलं. नको म्हणालात तर बाहेरूनच करू, जास्त दिवस लागतील, बाकी काही बिघडत नाही. मी लग्न झालेली, दोन मुलांची आई. पण माझ्या शरीराबद्दल कुणी मला परवानगी मागण्याची ती पहिली वेळ होती.

दुसरं काम वेळेचं. किती वाजता गेले ते कागदावर लिहायचं. मग वीस मिनिटांची पंचवीस, पंचवीसची तीस. कळ आली की धावायचं नाही आणि दाबूनही धरायचं नाही. जागेवर उभं राहून दात सोडायचे, पाच श्वास घ्यायचे, लाट ओसरली की चालत जायचं. "पळायचं नाही, अडवायचं नाही, थांबायचं," हे त्यांचं पालुपद. पाणी कमी पिण्याची माझी युक्ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडली. तांब्या समोर ठेवायच्या आणि थोडं थोडं प्यायला लावायच्या. दर वेळी सुधारणा व्हायचीच असं नव्हे. एका महिन्यात सगळं पुन्हा मूळपदावर आलं आणि मी म्हणाले, आता नाही येत. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं की कुठली बस सापडेल. मी गेले.

चौथ्या की पाचव्या महिन्यात, माझ्या पोटावर हात ठेवून असताना, त्यांनी सहज विचारलं, दिवसभर न जाता राहायला कुठे शिकलात? शाळेत, मी म्हणाले. पहिल्या नोकरीत संडासच नव्हता, चार पुरुष मास्तर आणि मी एकटी बाई. घरून निघताना जायचं ते संध्याकाळी घरीच. पुढे सवय झाली, आणि सवयीचा अभिमानही झाला.

"आणि आत्ताच्या शाळेत?"

आहे, म्हणाले. चांगला आहे, फरशीचा. त्यांचा हात तसाच पोटावर होता. त्यांना काय जाणवलं असेल ते असो, त्या म्हणाल्या, "दात सोडा, शेळकेबाई." आणि जे मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आमच्या विद्यालयात मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलं तेव्हा मी पर्यवेक्षिका होते. तपासणीला पथक यायचं, आणि पोरं घाण करतात, म्हणून कुलूप लावायची कल्पना माझी. किल्ली माझ्या पर्समध्ये. पाहुणे आले की उघडायचं. शेरेबुकात दर वर्षी स्वच्छतेचं कौतुक. मुलींनी मधल्या सुट्टीत शाळेमागच्या वेड्या बाभळीत जायचं. मी स्वतःही ते वापरत नसे, म्हणून माझा नियम मला न्यायाचा वाटायचा. आठवीत मनीषा नावाची मुलगी होती. पथक यायच्या दिवशी तिनं दोनदा विचारलं, बाई, जाऊ का? बाभळीकडे जायला पथकाची गाडी यायच्या वाटेवरून जावं लागे, म्हणून तेही नको म्हटलं. साहेब येऊन जाऊ दे, मी म्हणाले. मी नाही का सात तास राहत? स्वागतगीताच्या रांगेत, पहिल्या ओळीत उभी असताना तिचं व्हायचं ते झालं. पोरं हसली. ती दप्तर न घेता घरी गेली आणि परत कधी शाळेत आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी 'स्थलांतर' असं लिहिलं. ती त्याच गावात, शाळेपासून हाकेवर राहत होती.

एस्तेरताईंनी समजूत घातली नाही. तुमचं दुखणं त्याचीच शिक्षा आहे असलं काही मनात असेल तर काढून टाका, म्हणाल्या. स्नायूंना पापपुण्य कळत नाही, आणि एवढ्या एकाच सवयीनं हे झालं असंही मी म्हणणार नाही. मला रडू आलं तेव्हा त्यांनी नॅपकीन दिला आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी मनीषा नाही. कुलूप अजून आहे का?"

होतं. आता मी मुख्याध्यापिका होते, आणि किल्ली त्याच पर्समध्ये होती.

तेव्हापासून कागद तपासून झाला की त्या विचारायच्या, उघडलं का? मी सबबी सांगायचे. पाण्याची टाकी, झाडायला बाई नाही, संस्थेची परवानगी. तिसऱ्या वेळी कंटाळून म्हणाले, हो, उघडलं. त्या छान म्हणाल्या आणि पुढे काही विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी, नेवाशाचं तपासणी शिबिर आटोपून परत जाताना, त्या आगाऊ न कळवता शाळेत उतरल्या. स्टाफरूममध्ये सगळे होते. मी ओळख करून दिली, माझ्या मणक्याच्या डॉक्टर म्हणून. हेही खोटंच. चहा घेऊन झाल्यावर त्या सगळ्यांदेखत शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, मला लघवीला जायचंय. कुठे आहे?" त्या खोलीत तो शब्द कुणी कधी उच्चारला नसेल. मी पर्स उचलली. पटांगण ओलांडून आम्ही दोघी गेलो. मी कुलूप काढलं, त्या आत गेल्या, बाहेर आल्या. फिनेलचा वास, कोरी फरशी, न वापरलेली नवी बादली.

"किती स्वच्छ ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. "कुणासाठी?"

नववीतल्या दोन मुली आमच्याकडे बघत लांब उभ्या होत्या. एस्तेरताईंनी त्यांना हाक मारली नाही, माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी कुलूप पर्समध्ये टाकलं आणि दार उघडं ठेवून निघाले. पहिल्या महिन्यात घाण झाली, दोनदा पाणी तुंबलं, एका शिक्षकानं 'सांगितलं होतंच ना' म्हणून ऐकवलं. मग दहावीच्या मुलींनीच पाळ्या लावून घेतल्या. मी कुलूप पुन्हा लावलं नाही.

माझं दुखणं पूर्ण गेलं असं नाही. थंडीत, प्रवासात, ताणात डोकं वर काढतं. पण वीस मिनिटांवरून अडीच तासांवर आले, रात्री झोप लागते. शेवटी शेवटी एस्तेरताई स्वतः थकत चालल्या होत्या. रक्ताचा आजार, बरा न होणारा. पेशंट कमी केले, मला मात्र बोलावत राहिल्या. उघडलं का हा प्रश्न संपला होता. नवा सुरू झाला होता. भेटलात का?

गेल्या हिवाळ्यात मी शिर्डीला गेले. मनीषा तिथे नवऱ्याबरोबर हारफुलांचं दुकान चालवते, एवढं गावातून कळलं होतं. तिनं लगेच ओळखलं. बाई, तुमी? म्हणत स्टूल पुसलं, पाण्याचा तांब्या दिला. मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले आणि तुटकतुटक बोलले. किल्ली, साहेब, हजेरीपटावरचा शब्द. ती हार ओवत राहिली. सुई थांबली नाही.

"घरी आयला मी सांगितलं, पोरींनी अंगावर पानी उडवलं," ती म्हणाली. "मला शाळेत जायाचं न्हाई म्हणून लई मार खाल्ला. पन खरं न्हाई सांगितलं. अजून तिला तेच ठावं हाय." मग थोड्या वेळानं, "मला वाटलं हुतं, तुमी इसरल्या असाल."

नाही विसरले, मी म्हणाले. जा असं ती म्हणाली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. दोन गिऱ्हाइकं झाली. पुन्हा माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "बाई, लांबून आल्या. जायाचंय का? आत हाय आमचं." जुन्या सवयीनं नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण मला जायचं होतं. मी हो म्हणाले. तिनं हातातला हार खाली ठेवला आणि पडदा सारून दिला.

दोन दिवसांनी सावेडीला गेले. एस्तेरताई पेशंटच्याच खाटेवर पडून होत्या. मी स्टुलावर, पूर्ण, बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. वाटलं, झोप लागली.

"प्रवासात किती वेळा गेलात?" त्यांनी विचारलं.

दोनदा, मी म्हणाले. एकदा श्रीरामपूरच्या स्टँडवर, आणि एकदा मनीषाकडे.

"कागदावर लिहिलंत?"

लिहिलं नव्हतं. त्यांनी बोटानंच टेबलावरची पेन्सिल दाखवली, आणि त्यांच्यासमोर मी वेळ आठवून आठवून दोन्ही नोंदी केल्या. त्यांनी कागद जवळ घेऊन वाचला आणि उशाखाली ठेवला. अकराव्या दिवशी त्या गेल्या. तो कागद मला परत मिळाला नाही, मी मागितलाही नाही.